बडोद्यातला पहिला पावसाळा आणि अंगावर उठणाऱ्या गांधी

नाशिकहून बडोद्याला येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. जुलै संपत आला होता, विश्वामित्री भरून वाहत होती आणि मगर दिसते का म्हणून लोक पुलावर स्कूटर थांबवून वाकून बघत होते. अशाच एका सकाळी माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा उजवा डोळा उघडेचना. पापणी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी. मी घाबरून आत्याला फोन लावला. तिचा सगळा जन्म दांडिया बाजारात गेलेला. ती शांतपणे म्हणाली, "अगं, मच्छर चावला असेल. नव्या माणसाला लागतोच. दोन वर्षांत सवय होते."

मला तिचा रागच आला. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं, फक्त जरा जास्त वेळ घेऊन. डासाची मादी रक्त ओढताना आपल्या अंगात लाळ सोडते. त्या लाळेतली प्रथिनं शरीराला परकी वाटतात, शरीरात हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, गांध उठते आणि खाज येते. वर्षानुवर्षं चावून घेतलं की बहुतेकांचं शरीर त्या लाळेला सरावतं. म्हणून लहान मुलं आणि नव्या गावात राहायला आलेली मोठी माणसं जास्त सुजतात. आत्याचं "सवय होते" अगदी शब्दशः खरं निघालं.

पण ती सवय व्हायच्या आधी आम्ही एक अख्खा पावसाळा चुका करण्यात घालवला. तुमचा वाचावा म्हणून हे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधाचं जे लिहिलंय ते डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं आहे, आणि मुलांच्या बाबतीत मात्रा त्यांच्याकडूनच घ्यायची.

सामान: पावसाळ्याआधी एका डब्यात भरून ठेवा

- साधा अंगाचा साबण आणि बर्फाचा ट्रे (फ्रीजर रिकामा असला तर काही उपयोग नाही)
- खाज शमवणारं कॅलामाईन लोशन
- सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, किंवा डॉक्टरांनी सांगितलेली तशीच दुसरी. मुलांसाठी त्याचं सिरप, मात्रा बाटलीवर लिहून
- नेलकटर. या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच
- बॉलपेन, दर्जीची टेप, थर्मामीटर
- एक छोटी वही

मलमाची ट्यूब या यादीत का नाही, ते पाचव्या पायरीत येईल.

१. आधी धोका आहे का ते बघा

खाज, सूज, लाली हे सगळं नंतर. पहिल्या काही मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत एवढंच बघायचं: ओठ, जीभ किंवा घसा सुजतोय का, आवाज बसलाय का, श्वासाला घरघर आहे का, चावलं पायाला आणि गांधी अंगभर उठतायत का, उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काही दिसलं तर घरात औषध शोधत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या. चालवत नेऊ नका. यावर खरं औषध एकच, मांडीच्या स्नायूत दिलं जाणारं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. इंजेक्शनने बरं वाटलं तरी काही तास तिथेच थांबायचं, कारण त्रास उतरून पुन्हा उसळू शकतो.

असं डासामुळे फारच क्वचित होतं. मधमाशी, गांधीलमाशी आणि काही मुंग्या यांच्या डंखानेच बहुधा होतं. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्यातून विष उतरत राहतं, तेव्हा नखाने, कार्डाने, कशानेही लगेच काढा. कशाने काढावा याच्या चर्चेत जो वेळ जातो तोच महाग पडतो. गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही, आणि ती पुन्हा डसू शकते.

कुणाला पूर्वी एकदा असं अंगभर झालेलं असेल तर त्यांच्यासाठी हा लेख नाही. त्यांनी ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे जाऊन पुढच्या वेळी काय करायचं ते कागदावर लिहून घ्यावं.

२. धुवा, गार करा, नखं कापा

साबण-पाण्याने धुवा. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा, काढा, थोड्या वेळाने पुन्हा. बर्फ थेट कातडीवर नको. हात किंवा पाय सुजला असेल तर उशीवर उंच ठेवा. अंगठी, बांगडी, पैंजण आधीच काढा. सूज चढल्यावर साबण लावून ओढत बसावं लागतं आणि पोर भोकाड पसरतं.

मग नखं. खाजवल्याने खाज वाढते हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी रात्री झोपेत हात चालतातच. आम्ही मुलीच्या हातांना जुने सुती मोजे घालून झोपवायचो. पहिल्या रात्री ती रडली. दुसऱ्या रात्री तिने मोज्यांना डोळे काढून बाहुल्या केल्या.

आता घरगुती उपायांबद्दल. आपल्याकडे प्रत्येक शेजाऱ्याजवळ एक असतो, बडोद्यात दोन असतात.

चुना लावू नका. तो दाहक आहे, कातडी भाजते. ठेचलेला लसूण बांधला तर फोड येतात. लिंबू चोळून मूल उन्हात खेळायला गेलं तर त्या रसावर ऊन पडून कातडीला चट्टे पडतात, आणि ते काळे डाग मूळ चाव्यापेक्षा जास्त टिकतात. टूथपेस्टने क्षणभर गार वाटतं, नंतर चुरचुरतं. खोबरेल तेलात कापूर घालून लहान मुलांना चोळायची आपली जुनी पद्धत आहे. ती तर बंदच करा. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि बोटं तोंडात घालायचं वयच असतं ते.

३. पेनने रेघ मारा आणि वेळ लिहा

त्या पावसाळ्यात मी शिकलेल्या गोष्टींत ही सगळ्यात कामाची, आणि हिला पैसे पडत नाहीत. लाली जिथपर्यंत आहे तिथे कडेने बॉलपेनने रेघ मारा. शेजारी वेळ लिहा. फोटो काढा, फोटोत एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो.

कारण सुजलेला लाल पाय बघून पुढे प्रश्न एकच येतो: ही ॲलर्जी आहे की कातडीत जंतू शिरलेत? दोन्ही लाल, दोन्ही गरम, दोन्ही सुजलेले. फरक घड्याळात असतो. ॲलर्जीची सूज काही तासांतच चढते, एक-दोन दिवसांत शिगेला पोचते आणि मग उतरते. तिच्यात खाज जास्त असते. जंतूंची लाली बहुधा दोन-तीन दिवसांनी, खाजवून कातडी फुटल्यावर सुरू होते. तिच्यात दुखणं जास्त, ती रोज पसरत जाते आणि बरोबर ताप येऊ शकतो. डासाच्या चाव्यानेच तळहाताएवढी सूज आणि कधी थोडी कणकण येते, त्याला स्कीटर सिंड्रोम म्हणतात. अशा सुजेला जंतुसंसर्ग समजून पुष्कळ मुलांना नको ती अँटिबायोटिक्स दिली जातात. आमच्या मुलीला पहिल्या खेपेला पाच दिवसांचा कोर्स झाला. रेघ आणि वेळ असती तर कदाचित झाला नसता.

पापणी आणि ओठ यांची कातडी सैल असते, तिथे पाणी साठतं, म्हणून तिथली सूज दिसायला भयानक वाटते. मूल हसतंय, खेळतंय, डोळा दुखत नाही, तर गार पट्टी ठेवा आणि वाट बघा. पण बुबुळ हलवताना दुखत असेल, अंधुक दिसत असेल किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

४. चावलं कोण, ते शोधा

लोक इथेच घाई करतात. "काहीतरी चावलं" म्हणून मलम लावतात आणि चावणारा गादीतच राहतो. गांधी कुठे आहेत, कशा ओळीत आहेत, कधी उठल्या, घरात आणखी कुणाला आहेत, या चार प्रश्नांवर निम्मं निदान होतं.

*डास.* उघड्या भागावर, विखुरलेल्या. दिवसा पायांना चावणारा पांढऱ्या पट्ट्यांचा तो एडिस, डेंगीवाला. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुधा क्युलेक्स, गटाराच्या पाण्यात वाढणारा. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो.

*ढेकूण.* इथे माझी एक फजिती सांगायलाच हवी. आम्ही स्वस्तात मिळाला म्हणून जुना लाकडी पलंग घेतला होता. शेजारच्या मासींनी मुलीच्या पाठीवरच्या गांधी बघितल्या आणि म्हणाल्या, "घरमां मांकड छे." मी दोन दिवस बाल्कनीचं दार घट्ट लावून बसले, माकड शिरेल म्हणून. गुजरातीत मांकड म्हणजे ढेकूण! तिसऱ्या दिवशी आत्या आली, तिने गादी उलटी केली, शिवणीवरचे काळे ठिपके दाखवले आणि खो खो हसत सुटली.

ढेकणाच्या गांधी पुष्कळदा ओळीने तीन-चार असतात, आणि कपड्यांनी न झाकलेल्या भागावर. गंमत अशी की काहींना त्या चावल्यावर लगेच न उठता काही दिवसांनी उठतात, त्यामुळे प्रवासात चावलेला ढेकूण घरातला वाटतो. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकालाच गांधी उठू शकतात, म्हणून "मला कसं काही होत नाही?" या नवऱ्याच्या युक्तिवादाला अर्थ नाही. ढेकणाने रोग पसरतो असं दिसलेलं नाही, पण झोप जाते. चादरी, अभ्रे कडक गरम पाण्यात धुवा. पलंगाचे सांधे उकळत्या पाण्याने आणि ब्रशने घासा. एकदा केल्याने भागत नाही, अंडी मागे राहतात; दोन-तीन आठवडे पाठपुरावा करा. घरभर पसरले असतील तर पेस्ट कंट्रोल.

*पिसू आणि गोचीड.* घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच गांधी असतील आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर आधी प्राण्यावर उपचार. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल ओतू नका, काडी पेटवून चटका देऊ नका.

*ट्यूबलाईटचा किडा.* हा चावत नाही, आणि त्रास सगळ्यात घाणेरडा देतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, मुंगीसारखा लांबट, काळ्या-केशरी पट्ट्यांचा. मानेवर बसला, आपण सहज चिरडला, की त्याच्या अंगातलं विष कातडीला लागतं. त्या वेळी काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी चाबूक मारल्यासारखा लाल पट्टा आणि त्यावर बारीक फोड. खाजेपेक्षा आग जास्त. कोपराच्या घडीत लागलं तर समोरासमोर दोन ठसे उमटतात.

मला मानेला झालं तेव्हा आत्याचं निदान होतं नागीण, आणि ती गेरू उगाळायला बसली. नागीण हा वेगळा आजार आहे, तो विषाणूचा, बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यापट्ट्याने आणि आधी दुखून मग फोड येतात. हा नुसता रासायनिक चटका. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारा किंवा कागदावर घेऊन झटका, आणि चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा. नंतरच्या आगीवर ॲलर्जीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही; गार पट्टी आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. झोपण्याआधी खाटेवरचा दिवा बंद ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज.

*आणि जे चावणं नसतंच.* खरूज. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, आणि महिन्याभरात घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्याला तीच. यावर कॅलामाईन लावत राहाल तर वर्ष जाईल. डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायला सांगतात, आठवड्याने पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी. "मला खाज नाही, मी नाही लावणार" म्हणणारा एक जण घरात असतोच. त्याच्यापायी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मुलांमधला आणखी एक प्रकार लक्षात ठेवा, कारण त्याने आई-बापांची झोप उडते. साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांत चाव्यांच्या जागी कडक, खाजणाऱ्या पुटकुळ्या उठतात आणि आठवडेच्या आठवडे जात नाहीत. नवा डास पायाला चावला की हातावरच्या जुन्या, मिटत आलेल्या पुटकुळ्या पुन्हा फुलतात. याला पॅप्युलर अर्टिकेरिया म्हणतात. कमाटीबागेत एका संध्याकाळी फिरून आलो की आमच्याकडे हा खेळ आठवडाभर चालायचा. रक्त बिघडलंय, पोटात उष्णता आहे, आंबे जास्त झाले, असं सगळं आम्हाला ऐकवलं गेलं. तसं काही नसतं. मूल मोठं होत जातं तसं हे बहुधा आपोआप कमी होतं.

५. मेडिकलवर जाऊन काय मागायचं, आणि काय नाही

आधी भाषेचं. गुजराती मेडिकलवाल्याला "गांधी उठल्यात" म्हणू नका. मी म्हटलं होतं. तो अदबीने माझ्याकडे बघत राहिला. गांधींना इथे "शीळस" म्हणतात, खाजेला "खंजवाळ", पिसवेला "चांचड", गांधीलमाशीला "भमरी", गजकर्णाला "धाधर". एवढे पाच शब्द आणि तो मांकड पुरतात.

मागायचं: कॅलामाईन, आणि झोप कमी आणणारी ॲलर्जीची गोळी. मोठ्या माणसाला सेट्रिझिन १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, कारण "झोप कमी" म्हणजे झोप अजिबात नाही असं नव्हे. घेतल्यावर स्कूटर चालवण्याआधी स्वतःला ओळखा. जुन्या पिढीच्या गोळ्यांनी, फेनिरामिन वगैरेंनी, जास्त गुंगी येते. किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल, आणखी गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. एक मात्र समजून घ्या: गोळीने खाज आणि ताजी गांध कमी होते, आधीच कडक झालेली पुटकुळी वितळत नाही. म्हणून "गोळी लागू पडत नाही" असं ठरवून दुप्पट घेऊ नका.

न मागायचं: "खाजेवर काहीतरी चांगलं मलम द्या." या वाक्यावर काउंटरवरून बहुतेक वेळा जी ट्यूब सरकते तिच्यात तीन औषधं एकत्र असतात: जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. लावल्यावर दोन दिवसांत जादू होते. मलाही झाली. माझ्या नवऱ्याने तीच ट्यूब मांडीच्या खाजेवर लावली, जी चावण्याची नव्हती, गजकर्णाची होती. स्टेरॉइडने लाली दबली, बुरशी आतून पसरत गेली आणि त्याला बरं व्हायला चार महिने लागले. अशी मलमं जास्त दिवस लावली तर कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लाली आणि पुरळ येतं. २०१८ साली केंद्र सरकारने बरीचशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तरी मिळतात. मिळतात म्हणून घ्यायची नसतात.

स्टेरॉइड मलम वाईट असतं असं नाही. सुजलेल्या गांधीवर योग्य ताकदीचं मलम, दिवसातून एक-दोनदा, मोजके दिवस, हा चांगला उपचार आहे. ताकद डॉक्टरांनी ठरवायची, आणि दिवसही. किती लावायचं याचं माप सोपं आहे: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली मलमाची रेघ मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. फुटलेल्या कातडीवर आणि डोळ्याजवळ विचारल्याशिवाय नाही.

खाजेवर लावायच्या लोशनमध्येच अँटीहिस्टामिन किंवा बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, तेही टाळलेलं बरं. काहींना त्या लोशनचीच ॲलर्जी येते, आणि मग कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

६. डॉक्टरकडे कधी, आणि हातात काय घेऊन

त्याच दिवशी जा: पेनच्या रेघेबाहेर लाली पसरतेय, दुखतंय, ताप आहे, लाल रेघ वर चढतेय. मधुमेह असेल तर आणखी लवकर.

चाव्यावर मधाच्या रंगाची खपली धरली आणि शेजारी नवीन फोड येऊ लागले तर तो जंतूंचा संसर्ग. मुलांत तो पटकन पसरतो, टॉवेल वेगळा ठेवा. त्यानंतर काही आठवड्यांत मुलाचं तोंड सुजलेलं दिसलं किंवा लघवी कोलासारखी गडद झाली तर लघवी तपासून घ्या, कारण या जंतूंमुळे क्वचित किडनीला सूज येते.

चाव्याबरोबर नुसता ताप असेल तर ते ॲलर्जीच्या खात्यात टाकू नका. पावसाळ्यात ताप म्हणजे डेंगी आणि मलेरियाची रक्ततपासणी. तोपर्यंत पॅरासिटामॉल घ्या, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको. अंगावर कुठे तरी जळक्या सिगारेटच्या डागासारखी काळी खपली आणि ताप असेल तर ती खपली डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. ती काखेत, कमरपट्ट्याखाली लपलेली असते, आणि बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची खूण असू शकते. लहान मुलाला अचानक खूप ताप, उलट्या, झटके आले तर वाटच बघायची नाही. २०२४ च्या जुलैमध्ये गुजरातेत चांदिपुरा विषाणूने मुलं दगावली होती. तो वाळूमाशीतून पसरतो, आणि त्याला नाव मिळालं ते आपल्या नागपूरकडच्या गावावरून, १९६५ साली तो तिथे सापडला म्हणून.

बरोबर न्यायचं: फोटो, वही, घेतलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट (नाव पाठ असलं तरी पाकीटच), जुनी चिठ्ठी, ओळखपत्र. सयाजी हॉस्पिटलात, म्हणजे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलात, जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि पाण्याची बाटली न्या. चावणारा किडा सापडला असेल तर चिकटपट्टीवर दाबून न्या. आमच्या डॉक्टरीणबाईंना माझा ढेकूण बघून मनापासून आनंद झाला.

७. घर, गच्ची आणि गरबा

एडिसला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करायचा. नुसता ओतून नाही, कडा घासून. त्याची अंडी कोरड्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी पडलं की फुटतात. उन्हाळा संपल्यावर कूलर तसाच गच्चीत ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मच्छरदाणीला पर्याय नाही. पंखा जोरात ठेवा. डासाला वाऱ्यात धड उडता येत नाही. अगरबत्तीच्या धुराने घरातल्या दमेकऱ्याला त्रास होतो. अंगाला लावायचं डासरोधक मलम उघड्या भागावरच लावा, कपड्याखाली नाही. मुलांच्या तळहातांना नाही, कारण ते हात डोळ्यांत जातात. दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावू नका, जाळी पुरे.

गरब्याचं वेगळं सांगते, कारण नवरात्रात इथे कुणी घरी बसत नाही आणि बसूही नये. उघड्या पाठीची चोळी, घाम, मैदानावरचे दिवे आणि रात्री बारापर्यंतचा मुक्काम, म्हणजे डासांना पंगतच. पाठीवर मलम दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा, स्वतःचा हात मधल्या पन्हाळीपर्यंत पोचत नाही. घामाने ते निघून जातं, तेव्हा मध्यंतरात पुन्हा लावा. ज्यांना खूप गांधी उठतात अशांना काही डॉक्टर अशा दिवसांत गोळी आधीच घ्यायला सांगतात. स्वतःच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. घरी आल्यावर अंघोळ, मग झोप.

८. डाग

आपल्या रंगाच्या कातडीवर गांध गेली तरी तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो. तो व्रण नाही, आपोआप फिका होतो. ऊन लागू देऊ नका आणि खाजवू नका. गोरं करणारी मलमं मुळीच नकोत. त्यांतल्या काहींत पुन्हा तेच स्टेरॉइड असतं.

वहीत काय लिहायचं असं विचारतात, म्हणून आमच्या वहीतल्या तीन वर्षांतल्या तीन ओळी देते.

पहिलं वर्ष, २८ जुलै: उजवी पापणी, सकाळी ७. डोळा पूर्ण बंद. उतरायला चार दिवस.

दुसरं वर्ष, ९ ऑगस्ट: डावा घोटा, संध्याकाळी ६, बागेत. पाच रुपयांच्या नाण्याच्या तिप्पट. दीड दिवस.

तिसरं वर्ष, १४ जुलै, हे अक्षर मुलीचं आहे: कोपर. शाळेत. रेघ मी मारली. मधल्या सुट्टीनंतर दिसत नव्हतं.